इंजिनाचा श्वासोच्छ्वास

तळेगांव दाभाडे हें आमचें गांव जुन्या मुंबई-पुणें रस्त्यालगत वसलेलें असल्यामुळें येथील मुलांस यंत्रांचें व वाहनांचें कौतुक लहानपणापासूनच असतें. 1863 सालीं बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. 1908 सालीं पैसा फंडाच्या आश्रयानें येथें कांचेचा कारखाना निघाला. 2002 सालीं मुंबई-पुणें द्रुतगति-मार्ग पुरा झाला. 2008 सालीं येथील औद्योगिक वसाहतींत जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला. 2020 च्या अखेरीस त्याचें काम थांबलें व पुढें तो हुंडाई कंपनीकडे गेला. इतका यंत्रांचा शेजार असल्यावर आमच्या वर्गांतील कोणताही विद्यार्थी इंजिनाचे चार ठोके घडाघड म्हणून दाखवील यांत नवल नाहीं. परंतु 'इंजिनाच्या पोटांत कोंडलेली हवा बाहेर कोठून पडते?' असा प्रश्न टाकल्याबरोबर सारा वर्ग स्तब्ध होतो. खरें सांगावयाचें तर गेल्या पावसाळ्यापर्यंत आम्हांसही त्याचें उत्तर धड देतां आलें नसतें. तें उत्तर आम्हांस कोणत्या प्रसंगानें मिळालें, तें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

आमचा एक माजी विद्यार्थी जवळच्याच एका कारखान्यांत नोकरीस आहे. पुष्कळ वर्षें पैसा बाजूस टाकून त्यानें परदेशी बनावटीची, दोन आसनांची, जुनी क्रीडा-मोटार विकत घेतली. घरांतील वडील मंडळींस तें रुचलें नव्हतें. "पैसा लोखंडांत घातलास," असें वडील म्हणत. एके दिवशीं सकाळीं गाडी सुरू करितांच मागून पांढुरक्या निळ्या धुराचा असा लोट उठला कीं शेजारीपाजारीं आग लागल्याचा भास झाला. एका मोठ्या दुरुस्तिगृहांत गाडी नेली, तेव्हां तेथें नुसता धूर पाहून 'रिंगा गेल्या, इंजिन सारें उघडावें लागेल' असा निकाल मिळाला. खर्चाचा आंकडा कांहीं लाखांचा होता. मुलगा खचला. गाडी मिळेल त्या किंमतीस विकून टाकावी आणि वडिलांपुढें हार मानावी, असें त्याच्या मनानें घेतलें. आमच्याकडे तो सल्ला विचारण्यास आला, तेव्हां आम्हींही मोठ्या विद्वत्तेनें सांगितलें, "निळा धूर म्हणजे तेल जळणें, आणि तेल जळणें म्हणजे रिंगा झिजणें." पुढें आमची ही विद्वत्ता कशी उघडी पडली तें दिसेलच.

आमच्या नववींतील एका विद्यार्थ्याचे वडील जुन्या रस्त्यावर लहानसें गॅरेज चालवितात. शेवटचा उपाय म्हणून गाडी त्यांजकडे नेली. मिस्त्रींनीं धूर पाहिला, इंजिन बंद करविलें, आणि हात पुसत म्हणाले, "सर, इंजिन उघडणें म्हणजे पोट फाडणें. वैद्य आधीं नाडी पाहतो. आपणही आधीं नाडी पाहूं."

ही नाडी कोणती, हें समजण्यासाठीं इंजिनाची थोडी रचना ध्यानांत घेतली पाहिजे. सिलिंडरांत पेट्रोल व हवा यांचें मिश्रण जळतें व त्याच्या दाबानें पिस्टन खालीं ढकलला जातो. पिस्टनाभोंवतीं रिंगा असतात. परंतु त्या कितीही चांगल्या असल्या तरी थोडा वायु त्यांच्या फटींतून निसटून खालच्या पेटींत उतरतोच. या पेटीस क्रँककेस म्हणतात. निसटलेल्या वायूंत न जळलेलें पेट्रोल असतें आणि पाण्याची वाफही असते. एक लीटर पेट्रोल जळल्यावर सुमारें एक लीटर पाणी तयार होतें, हें ऐकून विद्यार्थ्यांस आश्चर्य वाटेल. परंतु रसायनाचा हिशेब मांडून पाहावा म्हणजे खात्री होईल. शिवाय क्रँक फिरतांना तेलाचे जे तुषार उडतात, ते या वायूंत मिसळतात. हा वायु कोंडून ठेवला तर पेटींतील दाब वाढून बुचांतून व गॅस्केटांतून तेल बाहेर पडूं लागेल. म्हणून इंजिनास उच्छ्वासाची वाट ही पाहिजेच.

पूर्वींच्या मोटारींत ही वाट फार सोपी होती. पेटीस एक नळी लावून तिचें तोंड गाडीच्या खालीं मोकळें सोडीत. वायु रस्त्यावर जाई, तेलाचे थेंब रस्त्यावर पडत, आणि विषारी वाफा लोकांच्या नाकांत जात. अमेरिकेंतील लॉस एंजलिस शहरावर धुरकट धुकें दाटूं लागलें तेव्हां हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें त्याचें मूळ मोटारींच्या व कारखान्यांच्या वाफांत आहे असें दाखविलें. पुढें 1961 सालापासून कॅलिफोर्नियांत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत ही नळी बंद होऊन पेटींतील वायु पुन्हा इंजिनाच्याच हवेच्या वाटेंत सोडण्याची योजना आली. इंजिन आपला उच्छ्वास आपणच पुन्हा घेतें व जाळून टाकतें. आज आमच्या देशांतही ही योजना सर्व मोटारींत असते.

येथें एक अडचण येते. वायु परत घ्यावा, परंतु त्यांतील तेल घेऊं नये. सिलिंडरांत तेल गेलें तर धूर होतो, स्पार्क प्लग खराब होतात, आणि सायलेन्सरच्या वाटेवरील धूर-शोधक जाळी तेलाच्या राखेनें निकामी होऊं लागते. म्हणून मध्यें एक लहानसें पात्र बसवितात. तेंच वायु-तैल-विभाजक होय. ताक घुसळतांना लोणी जसें वेगळें पडतें, तसेंच कांहींसें येथें घडतें. वायूस पात्रांत गरगर फिरवितात किंवा आडव्यातिडव्या भिंतींवर आपटवितात. वायु हलका म्हणून वळण घेतो. तेलाचा कण जड म्हणून सरळ जाऊन भिंतीस चिकटतो, थेंब होतो, आणि खालच्या नळीनें पेटींत परत जातो. न्यूटनच्या पहिल्या नियमाचेंच हें उदाहरण आहे.

पण विभाजकाचें दुसरें काम याहून नाजूक आहे. इंजिन मंद चालत असतांना हवेच्या वाटेंतील पडदा जवळजवळ मिटलेला असतो; त्यामुळें त्याच्या आंतील नळ्यांत हवेचा दाब बाहेरच्या दाबाच्या सुमारें एक-तृतीयांशच उरतो. म्हणजे तेथें मोठें ओढ घेणारें बळ असतें. बाहेरच्या हवेचा दाब सुमारें 10.3 मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका. त्याचे दोन-तृतीयांश म्हणजे जवळजवळ सात मीटर. इतकी ओढ पेटीवर सरळ लागली तर क्रँकच्या टोंकांचीं सीलें आंत ओढलीं जातील आणि तेल नळ्यांतून वर चढेल. हें टाळण्यासाठीं विभाजकांत रबराचा एक पातळ पडदा असतो. त्यास डायफ्राम म्हणतात. ओढ वाढली कीं तो वाट आवळतो, कमी झाली कीं मोकळी करितो. अशा रीतीनें पेटींत अगदीं थोडीच ओढ ठेविली जाते. या जातीच्या इंजिनांत ती सामान्यतः पाण्याच्या 10 ते 13 सेंटिमीटरांइतकी असते. सात मीटरांचे बारा सेंटिमीटर करणारा हा रबराचा तुकडा वर्षानुवर्षें तेलांत व उष्णतेंत राहून कडक होतो, आणि एके दिवशीं फाटतो.

आतां मिस्त्रींच्या नाडीकडे वळूं. त्यांनीं गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी आणविली. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षराप्रमाणें वांकवून बांधली, मागें मोजपट्टी ठोकली, आणि नळींत रंगीत पाणी भरलें. नळीचें एक टोंक तेलाच्या झांकणांत भोंक पाडून बसविलेल्या तोटीस जोडलें. दुसरें मोकळें ठेविलें. मध्यें एक रिकामी बाटली घातली, कारण ओढ अधिक निघाल्यास पाणी बाटलींत पडावें, इंजिनांत जाऊं नये. ही बाटलीची युक्ति अशी मापें घेणाऱ्यानें कधीं विसरूं नये.

मिस्त्रींचा मुलगा शेजारीं उभा होता. सहामाही परीक्षेंत दाबावरील प्रश्नास त्यास शून्य गुण मिळाले होते, हें आम्हीं स्वतःच तपासल्यामुळें आम्हांस ठाऊक होतें. मिस्त्रींनीं त्यास विचारलें, "बाळ, रिंगा गेल्या असतील तर पाणी कोणीकडे जाईल?" मुलगा क्षणभर थांबला आणि म्हणाला, "रिंगा गेल्या असतील तर वरचा दाब पेटींत उतरेल. मग इंजिनाकडच्या बाजूचें पाणी खालीं जाईल, बाबा." "आणि विभाजकाचा पडदा फाटला असेल तर?" "मग पेटींत ओढ वाढेल. इंजिनाकडचें पाणी वर चढेल."

आम्ही तेथें उभे होतों. ज्या प्रश्नास परीक्षेंत उत्तर नव्हतें, तोच प्रश्न फळीवर बांधल्याबरोबर उत्तर देऊं लागला होता. दोन रोगांचें बाह्य लक्षण एकच, धूर. पण पाण्याची दिशा परस्परविरुद्ध. निदान करावयाचें तें असें, हें आमच्या ध्यानांत आलें, आणि आमच्या 'निळा धूर म्हणजे रिंगा' या सूत्राची आम्हांस लाज वाटली.

इंजिन सुरू करण्यापूर्वीं मिस्त्रींनीं आणखी एक सावधगिरी घेतली. सहाही स्पार्क प्लग काढून त्यांनीं क्रँक हातानें सावकाश फिरविला. एका सिलिंडरांतून बरेंच तेल बाहेर आलें. तेल दाबलें जात नाहीं. सिलिंडर तेलानें भरला असतांना स्टार्टरनें जोरानें इंजिन फिरविलें तर पिस्टनाचा दांडा वांकतो. मग खरोखरच इंजिन उघडावें लागतें. धूर फार निघाला असतां 'पुन्हा एकदां सुरू करून पाहूं' असें जे म्हणतात, ते या एका वाक्यानें मोठें नुकसान ओढवून घेतात. त्याच वेळीं त्यांनीं प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजला. सहाही आंकडे जवळजवळ सारखे आले. रिंगा निर्दोष असल्याचा हा पहिला पुरावा.

प्लग बसवून इंजिन चालू केलें. इंजिनाकडील पाणी वर चढूं लागलें. दहा, पंधरा, पंचवीस. दोन्ही बाजूंतील अंतर 38 सेंटिमीटर झालें तरी तें थांबेना. कोठूनतरी शीळ घातल्यासारखा बारीक आवाज येत होता. तो सीलाच्या कडेनें आंत ओढल्या जाणाऱ्या हवेचा. मिस्त्रींनीं हात वर केला. इंजिन बंद झालें. "रिंगा नव्हेत, साहेब," ते गाडीच्या मालकास म्हणाले, "पडदा फाटला आहे. लाखांचें काम नाहीं, हजारांचें आहे." आमच्या माजी विद्यार्थ्यानें मान फिरविली व बराच वेळ रस्त्याकडे पाहत राहिला.

नवा विभाजक मागविला. तो येईपर्यंत गाडी एकदांही सुरू केली नाहीं. बदलण्याचें काम पाहण्यास आम्ही नववींतील पांच-सहा मुलांस घेऊन गेलों. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर प्रथम बॅटरीची तार सोडली. नंतर हवेच्या गाळणीपासूनचा मोठा पाईप व हवेचा पडदा काढला. या जातीच्या कांहीं इंजिनांत विभाजकास शीतजलाच्या नळ्याही जोडलेल्या असतात. तशा त्या येथें होत्या, म्हणून त्या चिमट्यांनीं दाबून मगच सोडल्या. खालचा चुणीदार रबरी पाईप, वरची हवेकडे जाणारी नळी व बांधणीचे स्क्रू निघाल्यावर जुना विभाजक फिरवून फिरवून, अडचणींतून बाहेर काढावा लागला. तो मुठीएवढाच, काळ्या प्लास्टिकचा. मिस्त्रींनीं तो कापून मुलांस दाखविला. रबरी पडद्यास नखाएवढी चीर होती.

नवा भाग बसविण्यापूर्वीं हवेच्या नळ्यांत सांठलेलें तेल पुसून काढलें. जुनीं रबरी कडीं पुन्हा वापरलीं नाहींत; "दहा रुपयांची कडी वांचविली कीं हजारांचें काम दुसऱ्यांदा करावें लागतें," असें मिस्त्री म्हणाले. शीतजल भरून त्यांतील हवा काढली, आणि इंजिनांतील तेलाची पातळी पाहिली. तेल प्रमाणाबाहेर भरलेलें असलें तरीही विभाजक तेल ओढतो. म्हणून 'थोडें अधिक असलेलें बरें' हा समज चुकीचा आहे. मग इंजिन सुरू केलें. पहिलीं कांहीं मिनिटें धूर निघाला, कारण सायलेन्सरमध्यें जुनें तेल उरलें होतें. पाण्याची नळी पुन्हा जोडली. इंजिनाकडील पाणी चढलें आणि अंतर 12 सेंटिमीटरांवर येऊन स्थिर उभें राहिलें. मुलांनीं टाळ्या वाजविल्या. मिस्त्रींच्या मुलानें मात्र टाळी वाजविली नाहीं. तो मोजपट्टीजवळ वांकून आंकडा पुन्हा वाचीत होता.

याच वेळीं एक वाद निघाला, तोही बोधप्रद आहे. मालकाच्या मनांत शर्यतीच्या गाड्यांस लावतात तसला मोठा विभाजक बसवावा असें होतें. असा भाग कां करितात हें समजून घेण्यासारखें आहे. गाडी वेगानें वळते तेव्हां इंजिनांतील तेल बाहेरच्या बाजूस सरकतें. वळणाचें त्वरण गुरुत्वाच्या त्वरणाइतकें झालें तर तेलाचा पृष्ठभाग 45 अंश कलतो. या गाडीचे सिलिंडर उभे नसून दोहों बाजूंस आडवे आहेत. अशा इंजिनांत लांबलचक वळणावर तेल एका बाजूस सांठून विभाजकाच्या तोंडाशीं येऊं शकतें. शर्यतीच्या मार्गावर रुंद, चिकट टायरांमुळें असें वारंवार व दीर्घकाळ घडतें. म्हणून तेथें मोठें पात्र, अधिक भिंती, आणि तेल परत जाण्यास मोठी वाट ठेवितात. मिस्त्री म्हणाले, "साहेब, तुम्ही लोणावळ्यास चहा प्यायला जाणार, कीं शर्यतीस?" सारे हंसले. "शर्यतीस जात नसलां तर मूळच्या मापाचाच भाग चांगला. मोठा भाग लावून उपयोग नाहीं, अन् बसवितांना नळ्या बदलाव्या लागतील त्या वेगळ्याच."

आम्हीं घाटाची शंका काढली. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरतांना मोटार बराच वेळ इंजिनाच्या बळावर रोखून धरावी लागते. हवेचा पडदा मिटलेला, म्हणजे ओढ सर्वांत अधिक. तेव्हां तेल चढणार नाहीं काय? मिस्त्रींनीं उत्तर दिलें कीं त्याचसाठीं तर डायफ्राम आहे. तो शाबूत असला तर घाटाचें भय नाहीं. उतारानंतर प्रथम वेग वाढवितांना धुराचा मोठा लोट दिसला तर मात्र पडदा तपासावा. कोणी वायूचें तेल धरण्यास वेगळा डबा लावतात. तोही वायु पुन्हा इंजिनांत सोडणारा, बंद जातीचाच असावा. डब्याचें तोंड उघडें ठेवून वाफा बाहेर सोडणें म्हणजे साठ वर्षांपूर्वीं टाकून दिलेली घाण पुन्हा आपल्याच मुलांच्या नाकांत घालणें होय. 2020 च्या एप्रिलपासून आमच्या देशांत नव्या वाहनांस भारत-सहा हे कडक नियम लागू आहेत. एका भोंकानें त्यांचा हेतु फुकट घालवूं नये.

ज्यांच्या घरीं साधी मोटार आहे, त्यांसही यांतून घेण्यासारखें आहे. इंजिन मंद चालू असतांना तेलाचें झांकण काढणें फार जड जात असेल, कोठें शीळ ऐकूं येत असेल, सकाळीं प्रथम धुराचा लोट निघून मग नाहींसा होत असेल, तर इंजिन उघडण्याचा विचार करण्यापूर्वीं या श्वासमार्गाची परीक्षा करवावी. झांकणाच्या आंत थोडी मलईसारखी साय थंडीच्या दिवसांत दिसली तर घाबरूं नये. ती बहुधा वाफेचें पाणी तेलांत मिसळल्यामुळें येते व गाडी लांब चालविल्यावर जाते. शीतजल मात्र कमी होत असेल तर कारण निराळें आहे असें समजावें. ज्या इंजिनांत टर्बो असतो त्यांत श्वासाच्या वाटा दोन असतात, कारण टर्बो जोरांत असतांना नळ्यांत ओढीऐवजीं दाब असतो. म्हणून तेथील एकमार्गी झडपाही पाहाव्यात. 2012 सालीं दिल्लीच्या प्रदर्शनांत दिलीप छाब्रिया यांच्या संस्थेनें 'अवंती' नांवाची दोन आसनी देशी क्रीडा-मोटार मांडली, तिच्या विक्रीच्या गाड्यांतील इंजिनही टर्बोचेंच होतें. तेव्हां हें ज्ञान केवळ परदेशी गाड्यांपुरतें आहे असें कोणी मानूं नये.

गाडी घरीं गेली त्या संध्याकाळीं आमचा माजी विद्यार्थी वडिलांस तींत बसवून सोमाटण्यापर्यंत फिरवून आला. वडील उतरतांना एवढेंच म्हणाले, "धूर नाहीं हो आतां." मुलानें तेंच मोठें प्रशस्तिपत्र मानलें.

पालकांस आमची एक विनंती आहे. हातानें काम करणारा आणि पुस्तक वाचणारा अशी मुलांची वांटणी घरांतच करूं नका. मिस्त्रींनीं जें माप घेतलें तें आमच्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतलेंच होतें; आम्हीं तें पुस्तकांत ठेविलें, त्यांनीं तें फळीवर बांधलें. विद्यार्थ्यांस सांगणें इतकेंच कीं, पाहिल्यावांचून निकाल देऊं नका, आणि मोजल्यावांचून उघडूं नका. आमचा निकाल चुकला तो यामुळेंच.

ती फळी, नळी आणि मोजपट्टी आतां शाळेच्या प्रयोगशाळेंत आहे. मिस्त्रींच्या मुलानें ती स्वतः आणून दिली. वार्षिक परीक्षेंत दाबाचा प्रश्न आला, तेव्हां त्यानें आकृति काढून तिच्यांत मधली बाटलीही दाखविली होती. प्रश्नांत बाटली विचारलेली नव्हती. तरी आम्हीं तिला गुण दिले.